समलिंगी विवाह : न्यायालय, सार्वमत आणि संसद

विवाहाचा हक्क कोणी द्यावयाचा, हा समलिंगी विवाहाच्या वादातील कळीचा प्रश्न होय. आयर्लंडमध्ये २००६ साली उच्च न्यायालयाने जो हक्क नाकारला, तो २०१५ च्या सार्वमतात जनतेने ६२ टक्के मतांनी दिला. (मालवणजवळच्या वराड गावाशी पितृकुळाचे नाते असलेले लिओ वराडकर तेव्हा तेथे मंत्री होते.) भारतीय राज्यघटनेत असे सार्वमत नाही; म्हणून येथील याचिकाकर्ते न्यायालयात गेले. २०१८ मध्ये कलम ३७७ च्या कक्षेतून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले गेले. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायमूर्तींनी विवाहाचा मूलभूत हक्क अमान्य केला आणि चेंडू संसदेकडे टोलविला.

याचा अर्थ नांदेड वा लातूरच्या विवाह अधिकाऱ्यासमोर स्पष्ट होतो. विशेष विवाह कायदा, १९५४ जातधर्म विचारीत नाही. परंतु त्याच्या कलम ४ मध्ये पुरुषास २१ व स्त्रीस १८ वर्षे अशी वयोमर्यादा असल्याने दोन स्त्रियांची नोटीस तेथेच अडते. हे शब्द बदलू पाहणारे सुप्रिया सुळे यांचे २०२२ चे खासगी विधेयक लोकसभेच्या मुदतीबरोबर संपले. अशा विधेयकांचे बहुधा हेच होते. तूर्त अशा जोडप्यास संयुक्त बँक खाते उघडता येते, मृत्युपत्रही करता येते. मात्र मृत्युपत्राविना जोडीदार वारस ठरत नाही.