धारावीच्या डोंगरावरून वसई पाहताना

सहलीला कुठे जावे, असे बचत गटांतून नेहमी विचारले जाते. आज आम्ही भाईंदरजवळच्या पाली गावाशेजारच्या धारावी किल्ल्याची ओळख करून देणार आहोत. धारावी म्हटले की मुंबईतली वस्ती आठवते. ही ती नव्हे. उत्तन, पाली, चौक या कोळ्यांच्या गावांजवळचा हा डोंगर. इथे चिमाजी अप्पांचे स्मारक आहे. तटबंदी फारशी उरलेली नाही, म्हणून काय पाहायचे ते आधी समजून घेऊ.

स्मारकापाशी उभ्या राहून खाडीकडे बघा. पलीकडे वसईचा किल्ला. १५३४ पासून तो मुलूख पोर्तुगीजांकडे होता. किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी. घराला पुढून कडी घातली, पण मागच्या दाराने शिधा येतच राहिला, तर आतल्यांना काय फरक पडणार? वसईचे मागचे दार म्हणजे ही खाडी. तिच्या तोंडावर नजर ठेवणारा डोंगर म्हणजे धारावी.

बाजीराव पेशव्यांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा यांची मोहीम १७३७ मध्ये सुरू झाली. ठाणे त्याच वर्षी हाती आले, वसईला मात्र दोन वर्षे लागली. मार्च १७३९ मध्ये मराठ्यांनी धारावी घेतली आणि वसईची कोंडी पक्की झाली. मग तटाखाली सुरुंग लावले गेले. मे महिन्यात पोर्तुगीज शरण आले. या लढाईत मराठ्यांची हजारो माणसे पडली. पुतळा सेनापतीचा असतो. परत न आलेल्या शिपायांची नावे कुठे कोरलेली नसतात, त्यांच्या घरच्या बायांची तर नाहीतच. हात जोडताना त्यांचीही आठवण ठेवा.

जिंकल्यावर काय केले, हेही मुलींना सांगा. शरण आलेल्यांना सामानसुमानासह जाऊ दिले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळायची मोकळीक दिली. विजयाची खूण म्हणून पोर्तुगीजांच्या घंटा आणून देवळांत टांगल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली मोठी घंटा तुमच्यापैकी कितीतरी जणींनी पाहिली असेल.

पाली-उत्तनला आजही चर्च आहेत, तारोडीला धारावी देवीचे देऊळ आहे. इथल्या अनेक कोळणी ख्रिस्ती आहेत आणि घरात मराठीच बोलतात. ती लढाई दोन सत्तांची होती. तिचा राग आजच्या शेजारणीवर काढायचा नसतो. त्यामुळे गावातून जाताना घोषणा नकोत.

भाईंदर पश्चिमेहून महापालिकेची बस चौककडे जाते. सकाळी लवकर निघा, पिण्याचे पाणी बरोबर घ्या. परतताना पालीच्या कोळणींकडे सुकी मासळी घ्या आणि दोन घटका त्यांच्याशी बोला. खाडीची माहिती त्यांच्याइतकी कोणाला नाही.