लाओसमध्ये रेल्वे आली, तरी मेकाँगवरची दोन दिवसांची बोट का सुटते?

थायलंडच्या उत्तरेला च्यांग खोंग नावाचं गाव आहे. तिथून मेकाँग नदी ओलांडली की लाओसमधलं हुआय साय लागतं. इथल्या धक्क्यावरून रोज सकाळी लांबुडक्या लाकडी बोटी लुआंग प्रबांगला निघतात. अंतर साधारण ३०० किलोमीटर आणि वेळ दोन दिवस. यांचं नावच ‘स्लो बोट’.

डिसेंबर २०२१ मध्ये लाओस-चीन रेल्वे सुरू झाली. आता हुआय सायहून व्हॅनने रेल्वे स्टेशन गाठलं, तर त्याच दिवशी लुआंग प्रबांगला पोहोचता येतं. तरीही बोटी सुटतातच. यामागे फक्त पर्यटकांची हौस आहे का?

बोटीत काय असतं?

बऱ्याच बोटींमध्ये जुन्या गाड्यांच्या सीट बसवलेल्या असतात. मागे इंजिनाची धडधड, आणि त्याच्या आसपास बोटमालकाच्या कुटुंबाचा संसार. पर्यटक पुढच्या जागा पटकावतात, कारण मागे कानठळ्या बसतात.

पण खरी गंमत वाटेत आहे. बोट मध्येच काठाकडे वळते. तिथे ना धक्का, ना पाटी. नुसती वाळू किंवा खडक. एखादी बाई पाठीवर मूल घेऊन उतरते, तांदळाची पोती खाली जातात, कधी मोटरसायकल चढवली जाते. काठावरच्या काही गावांना धड रस्ता नाही. त्यांच्यासाठी ही बोट म्हणजे एसटी आहे. परदेशी प्रवाशाच्या तिकिटावर ही एसटी चालते, असं म्हटलं तरी चालेल. त्यामुळे पर्यटक रेल्वेकडे वळले, तर फटका फक्त बोटमालकाला बसणार नाही.

मग दोन दिवस का लागतात?

कारण रात्री बोट चालत नाही. पात्रात खडक आणि वाळूचे पट्टे आहेत, पाण्याची पातळी ऋतूप्रमाणे बदलते, आणि वाट चालकाच्या नजरेवर काढावी लागते. त्यामुळे पहिल्या संध्याकाळी सगळे पाकबेंगला उतरतात. चढणीच्या एका रस्त्याभोवती वसलेलं हे छोटं गाव. गेस्ट हाऊस, खाणावळी (भारतीय जेवणाचीही सोय होते), सकाळी बोटीत नेण्यासाठी सँडविच विकणारी दुकानं. गावातला हा सगळा धंदा त्या एका मुक्कामावर उभा आहे.

रेल्वेने काय बदललं?

राजधानी व्हिएनतान ते लुआंग प्रबांग हा रस्त्याने आठ-दहा तासांचा खडतर प्रवास आता सुमारे दोन तासांत होतो. स्थानिकांसाठी ही मोठीच सोय आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. मात्र लाओसमधल्या सुमारे ४२० किलोमीटर मार्गापैकी जवळपास निम्मा बोगद्यांतून जातो. म्हणजे डोंगर बघायला गेलेल्या प्रवाशाला बराच वेळ काचेत स्वतःचाच चेहरा दिसतो. सुमारे ६ अब्ज डॉलरच्या या प्रकल्पात चीनचा वाटा ७० टक्के, लाओसचा ३० टक्के आहे, आणि लाओसच्या डोक्यावरच्या कर्जाची चर्चा त्याच्याशिवाय पूर्ण होत नाही.

रेल्वेपेक्षा मोठा प्रश्न धरणांचा

लुआंग प्रबांगच्या सुमारे २५ किलोमीटर वर, हजारो बुद्धमूर्ती असलेल्या पाक ऊ गुहांच्या परिसरात १,४६० मेगावॅटचं धरण बांधलं जात आहे. लुआंग प्रबांग १९९५ पासून जागतिक वारसास्थळ आहे, त्यामुळे युनेस्कोच्या वारसा समितीनेही या धरणाबद्दल चिंता व्यक्त केली आहे. पाकबेंगच्या वरच्या अंगाला आणखी एक धरण प्रस्तावित आहे. त्याच्या विजेसाठी थायलंडच्या सरकारी वीज संस्थेने २०२३ मध्ये करार केला. लाओसला परकीय चलन हवं आहे, थायलंडला वीज. मधोमध बोटीची वाट आहे.

धरणांच्या आराखड्यात बोटी पार करण्यासाठी लॉक असतात. मोठे दरवाजे बंद करून आतलं पाणी वर-खाली करायचं आणि बोट पलीकडे सोडायची. म्हणजे वाहतूक कागदावर तरी थांबत नाही. पण धरणामागे साचलेल्या पाण्याखाली वाळूचे काठ जातात, जिथे बोट टेकते आणि पाणी ओसरल्यावर गावकरी भाजीपाला, भुईमूग लावतात. हिवाळ्यात नितळ पाण्यातल्या खडकांवरून बायका शेवाळ गोळा करतात. तीळ लावून वाळवलेलं हे शेवाळ, म्हणजे ‘काइपेन’, लुआंग प्रबांगची खासियत आहे. काही गावांना तर जागाच सोडावी लागते आहे. गावच हललं, तर बोट थांबणार कुणासाठी?

लुआंग प्रबांगहून खाली व्हिएनतानलाही एकेकाळी अशाच बोटी जायच्या. रस्ता पक्का झाला, तसे त्यांचे प्रवासी आटत गेले. पुढे त्याच वाटेवर सायाबुरी धरण उभं राहिलं आणि २०१९ पासून तिथे वीज तयार होते. तिचा बहुतांश भाग थायलंडला जातो.