रॅमची बेजोड जोडी आणि दुकानाचा हिशेब

लॅपटॉप संथ झाला की बाजारात दोनच सल्ले मिळतात. नवा घ्या, नाहीतर रॅम वाढवा. खामगावच्या आमच्या कापड दुकानात ऐन लग्नसराईत हीच वेळ आली. 4 जीबीची एकच पट्टी. त्यावर जीएसटीचे पान आणि हिशेबाचा प्रोग्राम एकदम उघडला की बिल निघेपर्यंत गिऱ्हाईक उठून जाई.

2025 च्या अखेरीस नव्या रॅमचे भाव भडकले. मोठ्या कंपन्यांनी आपला माल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे वळवला, त्याची झळ आपल्यापर्यंत आली. मग व्यापारी माणूस जुनी पट्टी शोधणारच. मी 8 जीबीची घेतली, दुसऱ्या कंपनीची.

दोन कंपन्यांच्या पट्ट्या एकत्र चालत नाहीत, ही समजूत बरोबर नाही. बहुधा चालतात. पिढी मात्र एकच हवी. डीडीआर3 ची पट्टी डीडीआर4 च्या खाचेत बसतच नाही, जोर करू नये. वेग वेगळा असला तर दोन्ही पट्ट्या मंद पट्टीच्या चालीने चालतात. माझी जुनी 2400 ची, आणलेली 3200 ची. दोन्ही 2400 वर चालल्या. आकार वेगळा असला तरी इंटेलच्या बहुतेक लॅपटॉपांत 4 अधिक 4 जीबी दुहेरी वाटेने चालते, उरलेली 4 एकेरी वाटेने. दुकानाच्या कामात हा फरक जाणवतही नाही. खरेदीपूर्वी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी' पाहावे. वेग आणि किती खाचा भरल्या ते कळते. काही पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे इलाज नाही.

कापडात एकाच शेड नंबरच्या दोन लॉटांचा फरक उजेडात धरला की दिसतो. रॅममधली खोट अशी दिसत नाही, आणि मी फसलो तो इथे. चार दिवस यंत्र पळाले. पाचव्या दिवशी बिल करता करता आपोआप बंद पडले, मग दोनदा पडले, आणि संध्याकाळी उधारीच्या खात्यांची फाइलच उघडेना. सगळ्या सीझनची उधारी त्यात! धाकट्या भावाने जुन्या सवयीने कागदी वही चालू ठेवली होती, म्हणून वाचलो. तिच्यावरून खाती पुन्हा भरायला दोन रात्री गेल्या.

दोष बेजोडपणाचा नव्हता, ती पट्टीच नासकी होती. स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधून सुरू करावे, एफ1 दाबून 'एक्सटेंडेड' तपासणी निवडावी आणि एकेक पट्टी वेगळी लावून रात्रभर सोडावी. मी ती उशिरा केली. जुन्या पट्टीत काही निघाले नाही, आणलेलीत चुका निघाल्या.

दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत, पट्टी बदलून दिली. ती लावण्याआधी फाइलची नक्कल पेन ड्राइव्हवर घेतली, चार्जर काढला, बॅटरी सोडवली. तपासणीत एकही चूक निघाली नाही. आता 12 जीबीवर बिले निघतात, आणि भावाची वहीही चालू आहे.