वाळूवरची हिरवी चादर

पाण्याच्या पिंपाला आतून हात लावला की बोटांना बुळबुळीत लागते. आपल्या भगिनी तो थर घासून काढतात. योग्यच आहे, पिण्याच्या भांड्यात तो नकोच. पण अशाच एका थराने एक अख्खे शहर पटकीतून वाचवले, ही हकीकत आम्हाला वाचकांपुढे ठेवावीशी वाटते.

ओढ्यातल्या दगडावर, उजेड पोचतो तिथे, शेवाळ आणि जिवाणू चिकट द्रव सोडून एकत्र घर करतात. शेवाळ दिवसा ऑक्सिजन देते, साखरेसारखी द्रव्ये झिरपवते. जिवाणू त्यावर जगतात. जिवाणू कुजलेला कचरा फोडून नत्र-स्फुरद मोकळे करतात, ते शेवाळाला मिळते. बी-१२ जीवनसत्त्व तर शेवाळाला स्वतः बनवताच येत नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २००५ साली शेवाळाच्या ३२६ जातींची माहिती तपासली, तेव्हा १७१ जातींना ते बाहेरून लागते असे दिसले. ते बनवतात जिवाणू. मात्र हा संसार नेहमी गोडीचा नसतो. स्फुरद कमी पडला की दोघांत ओढाताण होते.

लंडनमध्ये जेम्स सिम्पसन यांनी १८२९ साली नदीचे पाणी वाळूतून सावकाश गाळण्याची सोय केली. वाळूच्या वरच्या अंगावर काही दिवसांत हाच थर धरतो. रोगजंतू त्यात अडकतात, तिथले सूक्ष्म प्राणी त्यांना गिळतात. जर्मन लोक त्याला 'श्मुत्स्डेके', म्हणजे घाणीची चादर म्हणतात. नाव ठेवणाऱ्याला उपकाराची जाण नसावी!

१८९२ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये पटकी आली. शहर एल्बे नदीचे पाणी न गाळताच पीत होते. खर्च कोणी सोसायचा या वादात गाळणीचे काम वर्षानुवर्षे रखडले होते. सुमारे ८,६०० माणसे दगावली, गरिबांच्या वस्त्यांत सर्वांत जास्त. शेजारचे अल्टोना नदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गची घाण मिसळलेले पाणी घेणारे. पण ते वाळूतून गाळून घेई. दोन्ही शहरांच्या हद्दीवर, एकाच रस्त्याच्या एका बाजूला पटकी आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाहीच, असे रॉबर्ट कॉख यांनी नोंदवले.

हॅम्बुर्गची गाळणी १८९३ साली सुरू झाली. त्याआधीच्या कडाक्याच्या हिवाळ्यात अल्टोनाच्या एका गाळणीची वाळू साफसफाईच्या वेळी गोठली, थर नीट धरला नाही, आणि तिथेही पटकीचे रोगी निघाले.