उंबरठ्याशी अडलेले यांत्रिकीकरण

घरातील मलवाहिनी तुंबली की दिल्लीच्या वसाहतींमध्ये तक्रार क्रमांकाआधी शोध सुरू होतो तो ‘एखाद्या माणसाचा’. तो येतो, चेंबरचे झाकण उघडतो, बांबूच्या कामट्या सारतो. तेवढ्याने भागले नाही तर स्वतः आत उतरतो. हे दृश्य मी या शहरात इतक्यांदा पाहिले आहे की त्यात बेकायदा काही घडते आहे, असे कुणालाच वाटत नाही.

कायदा मात्र स्पष्ट आहे. २०१३च्या हाताने मैलासफाई प्रतिबंध कायद्याचे सातवे कलम कोणत्याही व्यक्तीला, स्थानिक प्राधिकरणाला वा संस्थेला गटार किंवा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावण्यास मनाई करते. प्रत्यक्षच नव्हे, अप्रत्यक्षही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कारावास वा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणजे घरमालकही. पण याच कायद्यात धोकादायक सफाईची व्याख्या ‘संरक्षक साधनांविना केलेली सफाई’ अशी आहे. त्यामुळे हातमोजे दिले की कर्तव्य संपले, असे मानण्याची पळवाट उरते. हायड्रोजन सल्फाइड हातमोज्यांना जुमानत नाही. त्याचे प्रमाण वाढले की वास ओळखण्याची शक्तीच बधिर होते आणि धोक्याची सूचनाही मिळत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये अशा मृत्यूंसाठी दहा लाखांची भरपाई ठरवली, ती २०२३मध्ये तीस लाखांवर नेली. परंतु भरपाई मृत्यूनंतर येते; यंत्र त्याआधी यायला हवे. दिल्ली सरकारने २०१९मध्ये अरुंद गल्ल्यांत शिरतील अशी दोनशे लहान यंत्रे रस्त्यावर आणली. दिशा योग्यच होती. तथापि, यंत्रांचा विचार प्रामुख्याने सार्वजनिक वाहिन्यांपुरता होतो. घराच्या हद्दीतील चेंबर ‘खासगी’ ठरते आणि तिथे माणूसच स्वस्त पडतो.

म्हणून माझ्या मते धोरणाची खरी कसोटी मुख्य वाहिनीवर नसून उंबरठ्याशी आहे. ठरावीक शुल्कात, त्याच दिवशी, घरच्या चेंबरपर्यंत जेटिंग यंत्र पोहोचवणे ही पालिकांची बंधनकारक सेवा व्हावी आणि यंत्र चालवण्याचे काम आज आत उतरणाऱ्यांनाच प्रथम मिळावे. स्वयंपाकघरातील तेल, सॅनिटरी पॅड आणि ओले पुसणे वाहिनीत न सोडणे ही नागरिकांची बाजू. दूरध्वनीवर यंत्र सहज मिळू लागेल, तेव्हाच माणूस शोधण्याची सवय सुटेल.