थेंबभर तेलाचा टेकू

डिझेल गाडी सकाळी सुरू केली की पहिले काही सेकंद बॉनेटखालून टकटक ऐकू येते आणि मग आपोआप थांबते. यात काळजीचं काही नाही. रात्रभरात टॅपेटमधलं थोडं तेल उतरलेलं असतं, ते पुन्हा भरेपर्यंतचा हा आवाज. पण इंजिन चांगलं तापल्यावरही टकटक चालूच राहिली, तर मेकॅनिक म्हणतो, ‘टॅपेट वाजतायत, बदलावे लागतील.’ काम खर्चाचं आहे. होकार देण्याआधी आत नेमकं काय चालतं, ते गाडीमालकाला ठाऊक असायलाच हवं.

फोक्सवॅगनचं 1.9 लिटरचं टीडीआय इंजिन घेऊ. शेंद्र्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या स्कोडा ऑक्टाव्हियांमुळे ते आपल्याकडच्या अनेक मेकॅनिकांच्या हाताखालून गेलं आहे. चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह. प्रत्येक व्हॉल्व्हच्या डोक्यावर एक पालथी पोलादी वाटी बसते. हाच हायड्रॉलिक टॅपेट. वरून कॅमशाफ्टचा उंचवटा फिरत येतो, वाटी दाबतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. इंजिन मिनिटाला 900 फेऱ्यांवर नुसतं उभं असलं, तरी प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला सात-आठ वेळा उघडतो.

अडचण उष्णतेची. दहा सेंटिमीटर लांबीचा पोलादी दांडा 300 अंशांनी तापला की मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्तच वाढतो. त्याच वेळी ॲल्युमिनियमचं हेड आपल्या वेगळ्या गतीने फुगतं. म्हणून जुन्या इंजिनांत मुद्दाम फट ठेवत. टेम्पो ट्रॅक्समधल्या मर्सिडीज घराण्याच्या ओएम 616 इंजिनाला थंड असताना इनटेकला 0.10 आणि एक्झॉस्टला 0.30 मिलिमीटर फट लागते, आणि ठरावीक किलोमीटरनंतर फिलर गेज घालून ती पुन्हा जुळवावी लागते.

हायड्रॉलिक टॅपेटला हे काम नको. वाटीच्या आत एक छोटा प्लंजर, त्याखाली स्प्रिंग आणि तेलाच्या वाटेवर एक बारीक गोळी असते. व्हॉल्व्ह बंद असताना स्प्रिंग प्लंजर सरकवून फट भरून काढते, गोळी सुटते आणि तेल आत येतं. कॅमचा दाब आला की गोळी वाट बंद करते. कोंडलेलं तेल जवळजवळ दबत नाही, म्हणून तो थेंब पोलादासारखा भार पेलतो.

आणि इथेच या रचनेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे. कोंडलेलं तेल थोडं गळतं, आणि ते गळायलाच हवं. प्लंजरभोवती काही मायक्रॉनची फट मुद्दाम सोडलेली असते. व्हॉल्व्ह तापून लांबला किंवा वर्षानुवर्षं ठोकर खाऊन आपल्या सीटमध्ये खोल बसला, तर टॅपेटला आखूड होता आलं पाहिजे. तो झाला नाही, तर व्हॉल्व्ह पुरता मिटणार नाही, कॉम्प्रेशन जाईल आणि व्हॉल्व्हची कड जळेल. गळती जास्त झाली तर टकटक, अजिबात नसली तर इंजिनाचा घात.

म्हणून आवाज आला की आधी तेल पाहावं. पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो. जास्त असेल तर क्रँकशाफ्ट तेल घुसळून फेस करतो. तेलात हवा शिरली की टॅपेट मऊ पडतो, सिरिंजमध्ये बुडबुडा राहावा तसा. डिझेलची काजळी साचून तेल दाट झालं, तर गोळी नीट बसत नाही. शिवाय एखादा इंजेक्टरही टॅपेटच्याच तालात वाजतो, कारण दोन्ही क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एकदाच काम करतात. त्यासाठी एकेका सिलिंडरचं इंधन क्षणभर तोडून पाहतात. आवाज गेला, तर टॅपेटला दोष देण्याची घाई करू नये.

एवढं करूनही दोष टॅपेटचाच निघाला, तर हेड कव्हर काढून कॅमचा उंचवटा वर येईल असा शाफ्ट फिरवतात, लाकडी पाचरीने वाटी हलकेच दाबतात आणि 0.20 मिलिमीटरचं गेज आत शिरतं का पाहतात. शिरलं, तर तो टॅपेट गेला. बदलण्यासाठी टायमिंग बेल्ट उतरवून कॅमशाफ्ट काढावा लागतो. बेअरिंग कॅप ठरल्या क्रमानेच सोडायच्या, नाहीतर व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या दाबाने शाफ्ट वाकडा होऊ शकतो. जे जुने टॅपेट परत बसवायचे, ते ज्याच्या त्या जागीच जातात, कारण प्रत्येक जण आपल्याच कॅमशी घासून जुळलेला असतो.

शाफ्ट बसवला की हात आवरायचा. नवे टॅपेट तेलाने भरलेले, म्हणजे पूर्ण उंच असतात आणि काही व्हॉल्व्ह उघडेच धरून ठेवतात. या इंजिनाचं कॉम्प्रेशन 19.5 पट, पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्हला जागाच उरत नाही. म्हणून सुमारे अर्धा तास स्टार्टर मारायचा नाही. तेवढ्या वेळात स्प्रिंगच्या दाबाखाली जादा तेल त्याच मायक्रॉनच्या फटीतून निथळतं आणि टॅपेट आपापल्या उंचीला येतात. मग क्रँकशाफ्ट पान्याने हळूच दोन फेऱ्या फिरवायचा. कुठेही अडलं नाही, तरच चावी फिरवायची.