श्वास मोजायला शिकलेलं घर

बाळ झोपलेलं असताना झबलं वर करायचं आणि पूर्ण एक मिनिट त्याच्या पोटाकडे बघायचं. पोट वर येऊन खाली गेलं की एक श्वास. मोबाइलवर एक मिनिटाची वेळ लावून मोजत राहायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणून चालत नाही, कारण तान्ह्या मुलांचा श्वास एका लयीत नसतो. मध्येच थबकतो, मध्येच पळतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा ६० किंवा त्याहून जास्त आला, दोन महिने ते वर्षापर्यंतच्या बाळाचा ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त, तर श्वास जलद चालला आहे असं समजायचं. जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेले हे आकडे गावोगावच्या आशाताईंना शिकवलेले असतात. ज्या घरातल्या बाळाला तीव्र दम्याचा त्रास आहे, तिथे ते आईइतकेच बाबाला, आजीला आणि बाळ सांभाळायला येणाऱ्या मावशींनाही पाठ हवेत.

‘आम्हाला नाही जमायचं’ असं ज्यांना वाटतं त्यांनी गडचिरोलीकडे बघावं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथे बालन्यूमोनियावर काम सुरू केलं. श्वास मोजायचे होते गावातल्या दायांनी, आणि त्यांच्यातल्या अनेकींना मोठे आकडे येत नव्हते. त्यांच्यासाठी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी असं साधं उपकरण तयार झालं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा; वाळू संपायच्या आत ठरलेल्या मण्यापर्यंत पोहोचलं तर बाळ धोक्यात आहे. या कामामुळे बालमृत्यू कमी झाल्याचा अहवाल १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. तो आजार न्यूमोनिया होता, दमा नव्हे. पण श्वास मोजण्याची रीत दोन्हीकडे तीच.

आकड्याच्या जोडीला छाती बघायची. श्वास घेताना फासळ्यांखालचा भाग आत ओढला जातो का, गळ्याशी खळगी पडते का, नाकपुड्या फुलतात का, प्रत्येक श्वासाबरोबर मान हलते का. अंगावर पिणारं बाळ दोन घोट घेऊन धापा टाकत सोडून देत असेल, तर ती खूण कुठल्याही यंत्राइतकी खरी आहे. कोविडमध्ये घरोघर आलेला ऑक्सिमीटर मोठ्यांच्या बोटाच्या मापाचा असतो. तो तान्ह्याच्या इवल्या बोटावर नीट बसत नाही आणि भलताच आकडा दाखवतो, त्यावर विसंबू नये. आणखी एक गोष्ट प्रत्येक पालकाला माहीत असायलाच हवी. रात्रभर शिट्टीसारखी वाजणारी छाती अचानक गप्प झाली, पण बाळ मलूल आहे, पोट अजून आत ओढलं जातंय, तर त्याला आराम पडलेला नाही. ते थकलंय, आत जाणारी हवाच इतकी कमी झालीय की आवाज उमटत नाही. तेव्हा थेट रुग्णालय गाठायचं.

बाळांनाच हे इतकं का जड जातं? त्यांच्या श्वासनलिका मुळातच अरुंद असतात, आणि नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा १६ पटीपर्यंत वाढतो. मोठ्या माणसाला नुसता खोकला आणणारी सूज बाळाचा श्वास कोंडू शकते. त्यात फासळ्या मऊ, स्नायू कोवळे. थकायला वेळ लागत नाही.

पण घरघरणारं प्रत्येक बाळ दमेकरी नसतं, आणि इथेच घरच्यांचा धीर सुटतो. पहिल्या दोन वर्षांत आरएसव्हीसारख्या विषाणूंमुळे बारीक श्वासनलिकांना सूज येते, त्या आजाराला ब्रॉन्किओलायटिस म्हणतात. छाती अगदी तशीच वाजते, मात्र दम्याच्या औषधांचा त्यात सहसा उपयोग होत नाही. रांगत्या मुलाने शेंगदाणा किंवा चण्याची डाळ तोंडात टाकली आणि ती श्वासनलिकेत गेली, तरी छाती घरघरते. फुंकर मारून करायची फुप्फुसांची तपासणी पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलाला जमत नाही. त्यामुळे डॉक्टर लक्षणांचा माग काढतात: सर्दी नसतानाही छाती वाजते का, हसल्या-रडल्यावर, रात्री किंवा पहाटे खोकला येतो का, अंगावर इसब आहे का, आईवडिलांपैकी कुणाला दमा आहे का, आणि दोन-तीन महिने प्रतिबंधक औषध दिल्यावर फरक पडला का. निदानाला वेळ लागतो म्हणून दर आठवड्याला डॉक्टर बदलणारे पालक मला समजतात. पण त्यात बाळाचं नुकसान आहे. दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांत त्याला पाहिलेला एक तरी डॉक्टर हवा.

दिलासा देणारी माहितीही आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन शहरात १९८०पासून मुलांच्या एका गटाचा जन्मापासून पाठपुरावा झाला. पहिल्या तीन वर्षांत साधारण एक तृतीयांश मुलांची छाती कधी ना कधी घरघरली होती, आणि त्यांतल्या जवळपास ६० टक्के मुलांचा त्रास सहाव्या वर्षापर्यंत थांबला होता. तीव्र, वारंवार आणि इसबासह असलेला त्रास मात्र टिकण्याची शक्यता अधिक. अशा बाळाच्या बाबतीत ‘मोठं झालं की जाईल’ म्हणत थांबणं चुकीचं.

मग करायचं काय, याचं उत्तर बहुतेक वेळा पंपापाशी, म्हणजे इनहेलरपाशी, येऊन थांबतं, आणि पंपाचं नाव काढलं की घरात वाद सुरू होतो. हा पंप निघाला तोच एका मुलीच्या प्रश्नातून. अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने, आपलं औषध हेअरस्प्रेसारखं डबीत का मिळत नाही, असं विचारलं. १९५६ साली पहिले पंप बाजारात आले. बाळाला पंप दाबायचा आणि श्वास घ्यायचा मेळ साधत नाही, म्हणून मध्ये स्पेसर नावाची प्लास्टिकची पोकळ नळी आणि पुढे मास्क. बहुतेक झटक्यांत स्पेसरने दिलेलं औषध वाफेच्या मशिनइतकंच लागू पडतं, आणि त्याला वीज लागत नाही. भारनियमन असलेल्या गावात ही मोठी सोय आहे.

द्यायची रीत हाताखालून गेली की सोपी वाटते. बाळाला मांडीवर घेऊन त्याची पाठ आपल्या छातीला टेकवायची. पंप जोरात हलवून स्पेसरला लावायचा, मास्क नाकातोंडावर फट न राहील असा धरायचा, एकदा दाबायचं आणि बाळाचे पाच-सहा श्वास होऊ द्यायचे. दुसरा डोस असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून. दोन डोस एकदम सोडले तर औषध आतल्या प्लास्टिकलाच चिकटतं. रडत्या बाळाच्या छातीत फारच थोडं औषध पोहोचतं, म्हणून मास्क आधी बाहुलीला लावावा, स्वतःला लावावा, बाळाच्या हातात खेळायला द्यावा. नवा स्पेसर साबणाच्या पाण्यातून काढून न पुसता वाळवायचा. पुसला की प्लास्टिकवर विद्युतभार तयार होतो आणि औषध भिंतींना धरतं. स्टेरॉइडचा पंप दिल्यावर तोंड पुसून पाणी किंवा दूध पाजायचं, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

‘पंपाची सवय लागते’, ‘एवढ्याशा जिवाला स्टेरॉइड?’ ही भीती मायेपोटीच येते, तरी तिच्याइतकं नुकसान दुसऱ्या कशाने होत नाही असं माझं ठाम मत आहे. पंपातला डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, पोटात द्यायच्या स्टेरॉइडचा मिलिग्रॅममध्ये. एक मिलिग्रॅम म्हणजे हजार मायक्रोग्रॅम. रोजचा प्रतिबंधक पंप टाळला की झटका येऊ शकतो, आणि मग रुग्णालयात स्टेरॉइडच मोठ्या मात्रेत द्यावं लागतं. उंचीवर परिणाम होतो, हे खरं आहे, आणि ते लपवू नये: पाच ते तेरा वर्षांच्या मुलांना काही वर्षं ब्युडेसोनाइड हे श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड दिलेल्या अमेरिकन अभ्यासात मोठेपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. तो सेंटिमीटर एका तागडीत, आणि दुसऱ्या तागडीत अडकलेला श्वास. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक. रोज घ्यायचं औषध रोज न घेतलं जाणं हे त्यामागचं एक मोठं कारण आहे.

घराकडेही नव्याने बघावं लागतं. न्हाऊमाखू घातल्यावर निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, लसणाची सालं टाकून बाळाला धुरी देण्याची आपली रीत प्रेमाची आहे, पण या बाळासाठी ती बंद करावी, आजीचा मान राखून. अंघोळ, मालीश, अंगाई सगळं आजीचंच राहू द्यावं, फक्त धूर नको. चुलीचा, उदबत्तीचा, मिश्री भाजण्याचा, गॅलरीत उभं राहून ओढलेल्या सिगारेटचा, कुठलाच. डास पळवणारी एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते, असं २००३ सालच्या एका अभ्यासात दिसलं होतं, त्यापेक्षा मच्छरदाणी. मिरचीची फोडणी देताना बाळ दुसऱ्या खोलीत. पावसाळ्यात भिंतींना ओल आणि बुरशी धरली असेल तर बाळाची गादी त्या भिंतीपासून दूर, आणि गोधड्या कढत पाण्यात धुऊन उन्हात.

कंटाळलेले आईबाप इतर वाटाही शोधतात. मृग लागला की हैदराबादला माशातून दिलं जाणारं औषध घ्यायला महाराष्ट्रातूनही माणसं जातात. मेळघाटात श्वास फुललेल्या किंवा पोट फुगलेल्या तान्ह्या बाळांच्या पोटाला तापलेल्या लोखंडाचे डाग दिल्याच्या बातम्या अजून येतात. माशाच्या औषधाने दमा बरा होतो याला पुरावा नाही, आणि डागण्याने बाळाच्या यातनांत भरच पडते. अशा आईबापांना नुसतं रागावून काही होणार नाही. रात्री दोन वाजता फोन उचलणारी आरोग्यसेवा जवळ असती तर त्यातल्या किती जणांनी विळा तापवला असता?

दुकानातून परस्पर आणलेलं खोकल्याचं औषधही टाळायचं. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी खोकल्याच्या औषधाने मुलं दगावली. त्यांच्यातल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. त्याच सुमारास केंद्राने दोन वर्षांखालच्या मुलांना अशी औषधं देऊच नयेत, असं पुन्हा बजावलं. दम्याच्या खोकल्यावर त्यांचा उपयोग तसाही नसतो. लसी मात्र चुकवू नयेत: न्यूमोकॉकलची लस सरकारी लसीकरणात मोफत आहे, फ्लूची सहा महिन्यांनंतर दरवर्षी विकत घ्यावी लागते.

झटक्याच्या रात्री काय करायचं हे दिवसाउजेडी, डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावं: कुठला पंप, किती डोस, किती मिनिटांनी पुन्हा, आणि कधी निघायचं. तो कागद फ्रिजवर चिकटवावा, पाळणाघरात एक प्रत द्यावी, गावी जाताना स्पेसरसोबत पिशवीत टाकावा. ओठ निळसर दिसले, बाळ पिईना, कण्हायला लागलं, गळून गेलं, किंवा तातडीच्या पंपाचा परिणाम तीन-चार तासही टिकला नाही, तर वाट बघू नये. १०८ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत बाळाला आडवं न पाडता कडेवर उभं धरावं.

या सगळ्यात आईच्या वाट्याला येणारं मात्र मला सहन होत नाही. ‘तू दही खाल्लंस, ते दुधातून उतरलं.’ ‘गार पाण्यात हात घातलास.’ महिनोन्‌महिने सलग झोप न मिळालेल्या बाईला हे ऐकावं लागतं, आणि ती मुकाट्याने आपल्या ताटातलं एकेक कमी करत जाते. दमा आईच्या दह्याने होत नाही. तिने अंगावर पाजत राहावं, पोटभर जेवावं, आणि एका आड एक रात्र दुसऱ्या कुणीतरी पूर्णपणे बाळाकडे बघावं. पंप देता येणारं एकच माणूस घरात असेल तर ते माणूस कधीच झोपत नाही.

औषध किती दिवस, हे दर तीन महिन्यांच्या तपासणीत ठरतं. त्रास आटोक्यात राहिला तर डॉक्टरच मात्रा पायरीपायरीने उतरवतात. बाळ बरं दिसतंय म्हणून आपण बंद करायची नाही, विशेषतः पावसाळ्याच्या तोंडावर. पाच-सहा वर्षांचं झालं की मूल स्पायरोमीटरमध्ये नीट फुंकर मारू शकतं. तेव्हा हे निदान नव्याने तपासून घ्यायचं.